कोलकाता पोलीस संग्रहालय बघायचे कसे

माझी निम्मी पोलीस नोकरी मुद्देमाल खोलीत गेली. खटला निकाली निघाला की बहुतेक मुद्देमाल परत जातो किंवा नष्ट होतो. म्हणून पोलीस संग्रहालयात गेलात की प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा: कोणत्या गुन्ह्यातली, कुठे सापडली आणि कशामुळे टिकली?

कोलकात्याचे संग्रहालय ११३, आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर आहे, राजा राममोहन रॉय यांच्या जुन्या घरात. मुंबईहून हावड्याला उतरलात तर हुगळीखालून जाणारी मेट्रो सियालदहला सोडते. तिथून याच रस्त्याने उत्तरेला, माणिकतल्याच्या दिशेने जायचे. सुट्टीचा वार आणि वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आत गेल्यावर आधी पुस्तक-बॉम्ब शोधा. कायद्याचा जाडजूड ग्रंथ आतून पोखरून त्यात कोकोच्या डब्यात बॉम्ब बसवला होता. तो बंगालचे क्रांतिकारक हेमचंद्र कानुनगो यांनी केला आणि १९०८ च्या सुरुवातीला न्यायाधीश किंग्जफोर्डच्या घरी पाठवला. किंग्जफोर्डने पुस्तक उघडलेच नाही, ते कपाटात पडून राहिले, म्हणून आज ते आपल्याला दिसते.

इथे मराठी माणसाने जरा जास्त वेळ थांबावे. हेमचंद्र पॅरिसला बॉम्बविद्या शिकले तेव्हा बरोबर पारनेरचे सेनापती बापट होते. पुढे ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला याच किंग्जफोर्डसाठी टाकलेल्या बॉम्बने दोन निरपराध इंग्रज स्त्रिया गेल्या. त्यावर ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ते मंडालेला गेले. मुले बरोबर असतील तर त्या दोन स्त्रियांचेही सांगा. पंचनाम्यात सोयीचे तेवढेच लिहायचे नसते.

मग माउझर पिस्तुले. २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी बंदुकांचा व्यापार करणाऱ्या रॉडा कंपनीची ५० माउझर आणि ४६,००० काडतुसे भर कलकत्त्यातून बैलगाडीने पळवली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद होती. त्यामुळे पुढे कुठेही पिस्तूल सापडले की ते या चोरीतले आहे का, हे जुळवता येई. सप्टेंबर १९१५ मध्ये ओडिशातल्या बालासोरला बंगालचे क्रांतिकारक बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी माउझर घेऊनच लढले. माझ्या दृष्टीने हे दालन सगळ्यात शिकवणारे आहे, कारण क्रांतिकारकांची हिंमत आणि कारकुनाची नोंदवही दोन्ही इथे समोरासमोर येतात.

बाकी गणवेश, तलवारी झरझर बघितल्या तरी चालेल. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याविषयीच्या ६४ सरकारी फायली १८ सप्टेंबर २०१५ ला राज्य सरकारने याच संग्रहालयात लोकांसाठी खुल्या केल्या. त्यांतले काही वाचायचे असेल तर आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा.