शुगर आटोक्यात ठेवायची तर पायऱ्या चढाव्यात की तासभर चालावं?

शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालो. आता सकाळी पुण्यात पर्वती टेकडीच्या पायथ्याशी मंडळी जमतात, त्यांना व्यायाम सांगतो. बहुतेकांचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मधलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचं. माझं सांगणं असं: आठवड्यातून तीन दिवस दमछाक, उरलेले दिवस चाल, आणि जेवणानंतर शतपावली रोज.

छातीत दुखतं, बीपी चढं आहे किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायऱ्यांना हात लावू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची शुगर अचानक उतरू शकते. खिशात साखर हवीच.

दमछाकीच्या दिवशी आधी दहा मिनिटं सपाटीवर चाला. मग मिनिटभर असं चढा की दोन-तीन शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, पण वर पोचायची शर्यत नाही. मिनिट झालं की थांबा आणि धाप ओसरेपर्यंत सावकाश उतरा. उतरताना कठड्याच्या बाजूने, पूर्ण पाऊल टेकवत. गुडघे चढताना नाही, उतरताना जास्त दुखावतात. सुरुवातीला अशा चार फेऱ्या पुरेत, महिन्याभरात सहा-सातपर्यंत न्या.

पायऱ्या झेपत नसतील तर सपाटीवर तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं रमतगमत, असं पाच वेळा करा. जपानात मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे यांच्या गटाने ही चाल वयस्क माणसांवर तपासली. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात एकाच संथ लयीत चालणाऱ्यांपेक्षा या मंडळींच्या मांड्यांची ताकद जास्त वाढली, बीपीही जास्त उतरलं. साठीपुढच्यांना मी हेच आधी देतो.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग बरेच जण मला दाखवतात. दहा मिनिटांच्या सायकलिंगमध्ये २० सेकंदांचे तीन जोरकस झपाटे, आठवड्यातून तीनदा. १२ आठवड्यांनी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद ४५ मिनिटं सायकल चालवणाऱ्यांइतकाच सुधारला. खरं आहे. पण ती माणसं तरुण होती आणि ते २० सेकंद जीव तोडून मारायचे असतात. आपल्या वयाला मिनिटभराची चढण बरी.

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात. नंतर ते इन्सुलिनलाही जास्त दाद देतात, पण हा परिणाम दिवस-दोन दिवसच टिकतो. म्हणून रविवारी तीन तास टेकडी आणि आठवडाभर खुर्ची, हे मला अजिबात पटत नाही. सलग दोन दिवस खाडा नको. चालीच्या दिवशी ३० ते ४५ मिनिटं, बोलता यावं पण गाता येऊ नये इतक्या वेगाने.

शतपावलीची शंभर पावलं मात्र कमी पडतात. जेवून उठलात की अर्ध्या तासाच्या आत १५ मिनिटं चाला, रात्री तर नक्कीच.

पायऱ्या उतरल्या उतरल्या ग्लुकोमीटर लावू नका. जोराच्या श्रमाने यकृत साखर सोडतं, आकडा थोडा वेळ वर दिसू शकतो. दोन तासांनी तपासा आणि एचबीए१सी तीन महिन्यांनी.