भटकंती मंडळाची पायी सहल ऋतूंप्रमाणे कशी आखावी

मंडळाच्या सहलीची आखणी करताना आधी नकाशावरचे अंतर मोजले जाते आणि त्यावरून वेळ ठरवली जाते. चूक बहुधा इथेच होते, कारण एकट्या माणसाची चाल आणि वीस जणांच्या घोळक्याची चाल यांत मोठे अंतर असते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला आडाखा आजही सुरुवातीला उपयोगी पडतो. दर 5 किलोमीटरला एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा, असे त्याचे सध्याचे रूप आहे. या हिशेबाने 12 किलोमीटरची आणि 450 मीटर चढाईची वाट सव्वातीन तासांच्या आत संपायला हवी. मात्र हा आडाखा न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. वाटेत एक कुंपण ओलांडायचे असले आणि प्रत्येकाला त्यासाठी केवळ अर्धा मिनिट लागला, तरी वीस जणांचे दहा मिनिटे तिथेच जातात. म्हणून मी आलेल्या वेळेत निम्मी भर घालतो आणि वरची वाट पावणेपाच तासांची समजतो.

सर्वांच्या पुढे वाट माहीत असलेला म्होरक्या असावा आणि सर्वांच्या मागे एक अनुभवी माणूस नेमावा, ज्याच्या मागे कोणीही राहणार नाही. निघताना माणसे मोजावीत आणि प्रत्येक फाट्यावर पुन्हा मोजावीत. माणूस हरवतो तो बहुधा घनदाट जंगलात नव्हे, तर बुटाची नाडी बांधायला वाकलेला असताना पुढची मंडळी वळणाआड गेली आणि समोर दोन पायवाटा आल्या, की हरवतो. त्यामुळे मागचा माणूस नजरेस पडल्याशिवाय कोणीही फाटा सोडू नये. विश्रांतीबाबतही एक अन्याय नेहमी घडतो: पुढचे लोक दहा मिनिटे बसतात, शेवटचा धापा टाकत पोहोचतो आणि त्याच क्षणी सगळे सॅक पाठीवर टाकून उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. म्हणून विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावी.

उन्हाळ्यात चढाचा भाग सकाळी लवकर उरकावा आणि दुपारी सावलीची वाट येईल अशा बेताने दिशा निवडावी. उन्हात चालताना ताशी साधारण अर्धा लिटर पाणी गृहीत धरावे आणि वाटेतला पाणवठा भरलेलाच असेल, या भरवशावर राहू नये. कोणी एकाएकी गप्प झाले, अडखळू लागले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर त्याला सावलीत बसवून अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि विलंब न करता वैद्यकीय मदत मागवावी.

पावसाळ्यात मूळ वाटेइतकीच परतीची पर्यायी वाट महत्त्वाची असते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येईलच असे नाही, कारण आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या बाजूला पाऊस पडलेला असू शकतो. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज वाढला, तर ओढ्यात पाय घालू नये. थांबावे किंवा माघारी फिरावे. अशा वेळी ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणणारा एक उत्साही सदस्य प्रत्येक मंडळात असतो, म्हणून निर्णय म्होरक्याचा राहील हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर माथा सोडून पक्क्या इमारतीकडे किंवा बंद मोटारीकडे वळावे, एकट्या झाडाखाली उभे राहू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुन्हा चालू लागावे.

हिवाळ्यात खरी टंचाई उजेडाची असते. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका दिवस आखूड होतो. 55 अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस तो सुमारे सात तासांचाच असतो. म्हणून ‘या वेळेला जिथे असू तिथून परत फिरू’ अशी वेळ आधीच ठरवावी आणि दिवसाउजेडी परतायचे असले तरी प्रत्येकाजवळ विजेरी असावी. सुती कपडे घामाने भिजल्यावर लवकर वाळत नाहीत आणि थांबताच अंग गारठते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर घालावेत, तसेच जाकीट थंडी वाजू लागल्यावर नव्हे, तर थांबल्याबरोबर अंगात चढवावे. मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, त्यामुळे तो आतल्या खिशात ठेवावा आणि कागदी नकाशा सोबत घ्यावा.

पानगळीत ओल्या पानांखाली दगड आणि मुळे दडलेली असतात, म्हणून उतारावर दोन माणसांत अंतर ठेवावे. वसंतात उंच गवतातून गेल्यावर गोचिडांसाठी पाय तपासावेत आणि वासरे सोबत असलेल्या गाईंना लांबून वळसा घालावा.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी. मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबणे आणि हेच पुन्हा करत राहणे, ही पर्वतातील मदतीची आंतरराष्ट्रीय खूण आहे. तिला तीन शिट्ट्यांनी उत्तर मिळते. वाट आणि परतण्याची वेळ घरी थांबलेल्या एका माणसाला कळवून ठेवावी, आणि शेवटची मोजणी पूर्ण झाल्यावर त्याला तसा निरोप द्यायला विसरू नये. नाहीतर सगळे घरी जेवायला बसलेले असताना शोधपथक बाहेर पडते.