कॉम्बॅट डॅमेजचे घोळ: मॅजिक खेळताना या चुका टाळा

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात टेबलावर आवाज चढतो तो बहुतेक वेळा डॅमेजच्या, म्हणजे लढाईतला मार मोजायच्या, क्षणी. गंमत म्हणजे कार्डावरचा शब्द दोघांनाही पाठ असतो. 'ट्रॅम्पल म्हणजे उरलेलं डॅमेज प्लेअरला' हे सांगताना कुणी अडखळत नाही. गाडी अडते ती 'कधी' या प्रश्नावर. कोणता फटका आधी, कोणता एकाच वेळी, आणि मध्ये कार्ड टाकायला फट आहे की नाही, एवढं नक्की केलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

आधी दुतोंड्या मारुतीकडे बघा

नाशिककरांना डॅमेज समजायला घरचीच सोय आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण विचारतो, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाणी चढतं, मूर्तीची उंची काही कमी होत नाही. क्रीचरचंही (लढणाऱ्या कार्डाचंही) तसंच. ५/५ मधला पहिला आकडा पॉवर, म्हणजे तो किती मारतो; दुसरा टफनेस, म्हणजे किती मार बसला की तो मरतो. टफनेस ही उंची, डॅमेज हे पाणी. ५/५ ला ३ डॅमेज झालं म्हणून तो ५/२ होत नाही. तो ५/५ च असतो, फक्त अंगावर ३ पाणी चढलेलं असतं. त्यामुळे 'टफनेस २ किंवा कमी असलेला क्रीचर मारा' असं कार्ड त्याच्यावर चालत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे टर्नच्या शेवटी क्रीचर उगाच ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या कार्डांच्या ढिगात) टाकणं. तुमच्या २/२ वर जायंट ग्रोथ (टर्न संपेपर्यंत +३/+३) टाकून तो ५/५ केलात, त्याला ४ डॅमेज झालं, तो वाचला. टर्न संपताना +३/+३ जाणार, मग २/२ वर ४ डॅमेज राहिलं म्हणजे मेलाच की! नाही. टर्नच्या अखेरच्या क्लीनअप स्टेपमध्ये अंगावरचं डॅमेज आणि 'टर्न संपेपर्यंत'चे परिणाम एकाच क्षणी जातात. उंची घटते त्याच क्षणी पूरही ओसरतो, त्यामुळे २/२ जिवंत. टर्न चालू असतानाच टफनेस घटला तर मात्र खैर नाही: २ डॅमेज झालेल्या ३/३ ला मध्येच -१/-१ मिळालं की तो लगेच जातो.

डॅमेज दाखवायला फासे वापरत असाल तर दोन रंग ठेवा. मेन रोडवर स्टेशनरीच्या दुकानात लुडोचे सुटे फासे मिळतात. पांढरा फासा डॅमेजसाठी, लाल फासा काउंटरसाठी, म्हणजे क्रीचरवर टिकून राहणाऱ्या खुणेसाठी. एकाच रंगाचे फासे ठेवले की दोन टर्ननंतर 'हे ३ म्हणजे डॅमेज होतं की +१/+१ काउंटर?' यावर खडाजंगी ठरलेली. पांढरे फासे टर्न संपताच उचलायचे, लाल तिथेच ठेवायचे.

फर्स्ट स्ट्राइक: स्टेप एक की दोन?

कॉम्बॅटमध्ये पाच स्टेप असतात: सुरुवात, अटॅकर ठरवणं, ब्लॉकर ठरवणं, डॅमेज, शेवट. डॅमेजच्या स्टेपमध्ये सगळं डॅमेज एकदम बसतं. मात्र एका जरी अटॅकरकडे किंवा ब्लॉकरकडे फर्स्ट स्ट्राइक वा डबल स्ट्राइक असेल, तर डॅमेजच्या स्टेप दोन होतात. पहिलीत फर्स्ट आणि डबल स्ट्राइकवाले मारतात, मेलेले क्रीचर उचलले जातात, आणि मग दुसरीत बाकीचे मारतात. डबल स्ट्राइकवाले पुन्हा मारतात. समोरासमोरच्या दोघांकडेही फर्स्ट स्ट्राइक असेल तर कुणालाच फायदा नाही, दोघे एकाच वेळी मारतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे 'आता डॅमेज होतंय, त्याला रिस्पॉन्स म्हणून हे कार्ड' असं म्हणणं. डॅमेज स्टॅकवर (परिणाम होण्याआधी कार्डं थांबतात त्या जागी) जात नाही. जुन्या नियमात जात असे. २००९ मध्ये मॅजिक २०१० सेटसोबत तो नियम गेला. पण तेव्हा शिकलेले दादा लोक अजूनही डॅमेज स्टॅकवर ठेवून क्रीचर बळी द्यायला बघतात. आता कार्ड टाकायची शेवटची संधी ब्लॉकर ठरल्यानंतर, त्याच स्टेपमध्ये. म्हणून ब्लॉक लावून झाले की अटॅक करणाऱ्याने 'ब्लॉक झाले, डॅमेज करू?' असं मोठ्याने विचारावं आणि खरंच थांबावं. विचारता विचारता हात समोरच्याच्या लाइफच्या फाशाकडे गेला की त्याला थांबणं म्हणत नाहीत.

फर्स्ट स्ट्राइक असताना मात्र दोन डॅमेज स्टेपच्या मध्ये एक जास्तीची फट मिळते. तिथले चार हिशेब पक्के असू द्या. पहिली स्टेप झाल्यावर साध्या क्रीचरला फर्स्ट स्ट्राइक दिलात तर काहीच बिघडत नाही, तो दुसऱ्या स्टेपमध्ये मारतोच. पहिल्या स्टेपमध्ये मारलेल्याचा फर्स्ट स्ट्राइक नंतर काढून घेतला, तर त्याला दुसरा फटका मिळत नाही. त्याच फटीत फर्स्ट स्ट्राइकवाल्याला डबल स्ट्राइक दिलात, तर तो पुन्हा मारतो. आणि डबल स्ट्राइकवाल्याचा डबल स्ट्राइक मध्येच काढलात, तर त्याचा दुसरा फटका गेला.

वेळ चुकली की किती नुकसान होतं ते बोरॉस स्विफ्टब्लेडवर बघा. तो १/२ आहे, डबल स्ट्राइकसह, आणि समजा ब्लॉक झालेला नाही. जायंट ग्रोथ ब्लॉकरच्या स्टेपमध्येच टाकली तर ४ अधिक ४, म्हणजे ८. दोन फटक्यांच्या मध्ये टाकली तर १ अधिक ४, म्हणजे ५. कार्ड तेच, माना (कार्डासाठी मोजायची ऊर्जा) तोच, तीन डॅमेज पाण्यात.

ट्रॅम्पल: आधी डोक्यापर्यंत, मग पुढे

ट्रॅम्पलमध्ये ब्लॉकरला मरण्यापुरतं डॅमेज नेमून द्यायचं आणि उरलेलं प्लेअरला. 'मरण्यापुरतं' किती, यावर गाडी घसरते. कोलोसल ड्रेडमॉ घ्या, ६/६, ट्रॅम्पल. समोर ५/५ ब्लॉकर, ज्याला याच टर्नमध्ये लायटनिंग बोल्टने ३ डॅमेज झालंय. पाणी आधीच ३ चढलेलं आहे, म्हणजे मरायला २ पुरेत. २ त्याला, ४ प्लेअरला. बरेच जण इथे ५ आणि १ अशी वाटणी करतात.

हिशेब करताना ब्लॉकर खरोखर मरणार का, हे बघायचंच नसतं. ब्लॉकर इन्डिस्ट्रक्टिबल (डॅमेजने न मरणारा) २/२ असला तरी त्याला २ नेमायचे आणि ४ पुढे पाठवायचे. तो मरत नाही, पण त्याची उंची २ च. तसंच ब्लॉकरकडे हिरव्या रंगापासून प्रोटेक्शन असेल, तर हिरव्या ड्रेडमॉचे २ त्याच्यावर वाया जातील, पण ४ प्लेअरला बसतीलच. 'त्याला डॅमेज होत नाही, म्हणजे सगळं अडलं' हे चूक.

डेथटच सोबत आला की हिशेब बदलतो. डेथटचवाल्याचं १ डॅमेज म्हणजेच मरण्यापुरतं. ड्रेडमॉला कुठून तरी डेथटच मिळाला आणि समोर तीन ४/४ ब्लॉकर उभे राहिले, तर प्रत्येकाला १ आणि प्लेअरला ३. तिघेही मरतात. उलट बाजूही लक्षात असू द्या: ब्लॉक करणाऱ्या १/१ टायफॉइड रॅट्सला ड्रेडमॉ चिरडेल आणि ५ पुढे जातील, पण रॅट्सचं १ डॅमेजही त्याच क्षणी बसतं, म्हणून ड्रेडमॉही जातो. डेथटचवाल्यापासून वाचायचं असेल तर फर्स्ट स्ट्राइक हवा, म्हणजे उंदीर चावण्याआधीच मरतो.

ब्लॉकर मध्येच नाहीसा झाला तर? समोरच्याने ब्लॉक लावून मग अनसमनने तो ब्लॉकर हातात परत घेतला. अटॅकर साधा असेल तर तो ब्लॉक झालेलाच राहतो आणि प्लेअरला शून्य डॅमेज होतं. 'समोर कुणीच नाही, मग लागलंच पाहिजे' असं म्हणून चालत नाही. अटॅकर ड्रेडमॉसारखा ट्रॅम्पलवाला असेल तर मात्र पूर्ण ६ प्लेअरला. डबल स्ट्राइकलाही हेच लागू. पहिल्या फटक्यात ब्लॉकर मेला, तर ट्रॅम्पलशिवाय दुसरा फटका हवेत, आणि ट्रॅम्पल असेल तर सगळा प्लेअरला.

एकाला दोन-तीन ब्लॉकर: जुनी चिठ्ठी फेकून द्या

पूर्वी एका अटॅकरसमोर अनेक ब्लॉकर आले की त्यांची रांग लावावी लागे, आणि पहिल्याला मरण्यापुरतं दिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स सेटसोबत ही रांग संपली. आता अटॅक करणारा डॅमेजच्या क्षणी हवी तशी वाटणी करतो.

फरक किती? तुमचा ५/५ अटॅकर, समोर ३/३ आणि २/२. जुन्या नियमात तुम्ही ३/३ ला पुढे लावलं असतं, समोरच्याने त्याच्यावर जायंट ग्रोथ टाकून तो ६/६ केला असता, आणि तुमचे पाचही त्याच्यातच अडकून एकही ब्लॉकर मेला नसता. आज वाटणी नंतर होते, त्यामुळे ६/६ ला सोडून २/२ मारता येतो. ट्रॅम्पलला ही मोकळीक पूर्ण नाही: प्लेअरला एकही पॉइंट द्यायचा असेल तर सगळ्या ब्लॉकरना मरण्यापुरतं आधी द्यावंच लागतं.

लाइफलिंक मोजताना

लाइफलिंक म्हणजे क्रीचरने जेवढं डॅमेज केलं तेवढं लाइफ त्याच्या मालकाला. तो ट्रिगर (घटना घडल्यावर स्टॅकवर जाणारा परिणाम) नाही. डॅमेज होतं त्याच घटनेत लाइफ मिळतं, थांबावं लागत नाही. तुमचं लाइफ ३. समोरून ४/४ आणि २/२ आले. तुमचा लाइफलिंकवाला व्हॅम्पायर नाइटहॉक (२/३) समोरच्या २/२ ला ब्लॉक करतो. ४/४ मोकळा. ३ वजा ४ अधिक २, म्हणजे १. तुम्ही जिवंत. तोच ४/४ फर्स्ट स्ट्राइकवाला असता, तर नाइटहॉकने मारण्याआधीच खेळ संपला असता. आणि नाइटहॉकच्या लाइफलिंकऐवजी साध्या क्रीचरवर स्पिरिट लिंक लावलेलं असतं, तरीही तुम्ही हरला असता, कारण स्पिरिट लिंक हा ट्रिगर आहे आणि तो स्टॅकवर जायच्या आतच उणे लाइफचा निकाल लागतो.

५ पॉवरच्या लाइफलिंकवाल्याने १/१ ला मारलं तर लाइफ ५ मिळतं, १ नाही. फॉगसारख्या कार्डने डॅमेजच थांबलं तर लाइफ शून्य.

इन्फेक्ट आणि टॉक्सिक ही एकच गोष्ट नव्हे

दोन्ही क्षमतांत प्लेअरला पॉयझन काउंटर मिळतात, दोन्हींत ते १० झाले की हार. पण इन्फेक्ट डॅमेजचं रूपच बदलतो: प्लेअरचं लाइफ कमी होत नाही, तेवढे पॉयझन काउंटर मिळतात. टॉक्सिकमध्ये लाइफ नेहमीसारखं जातं आणि वर ठरलेले पॉयझन काउंटर मिळतात, तेही फक्त कॉम्बॅट डॅमेज प्लेअरला झालं तरच. म्हणून इन्फेक्टवाल्या १/१ ग्लिस्टनर एल्फवर जायंट ग्रोथ टाकली तर ४ पॉयझन. टॉक्सिक १ असलेल्या १/१ वर टाकली तर ४ लाइफ जातं, पॉयझन मात्र १ च. टॉक्सिकच्या डेकमध्ये पॉवर वाढवणारी कार्डं ठासून भरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

इन्फेक्टने क्रीचरला मारलं तर -१/-१ काउंटर बसतात. हे पाणी नव्हे, इथे मूर्तीच खचते आणि टर्न संपला तरी खचलेलीच राहते. टफनेस शून्य झाला की इन्डिस्ट्रक्टिबलही जातो.

उरलेसुरले

ब्लॉक लावून झाल्यावर ब्लॉकरला टॅप केलंत, तरी तो डॅमेज करतो. ब्लॉक झाल्यावर अटॅकरला फ्लाइंग (साध्या क्रीचरना अडवता येत नाही अशी क्षमता) दिलंत, तरी ब्लॉक सुटत नाही. ते आधी द्यायला हवं होतं.

'प्लेअरला कॉम्बॅट डॅमेज केल्यावर' असा ट्रिगर प्लेन्सवॉकरला (प्लेअरच्या साथीदार कार्डाला) मारून मिळत नाही, शून्य पॉवरच्या क्रीचरनेही मिळत नाही. डबल स्ट्राइकवाल्याचे दोन्ही फटके प्लेअरला बसले तर तो दोनदा मिळतो. प्लेन्सवॉकरवर केलेल्या हल्ल्यातलं ट्रॅम्पलचं उरलेलं डॅमेज त्या प्लेन्सवॉकरलाच जातं, त्याच्या मालकाला नाही. फाइट (कार्डाच्या परिणामाने दोन क्रीचरनी एकमेकांना मारणं) हे कॉम्बॅट डॅमेज नव्हे, पण डेथटच आणि लाइफलिंक तिथेही चालतात.

कमांडर हा प्रकार (यात प्रत्येकाचा एक म्होरक्या, म्हणजे कमांडर, असतो) खेळत असाल तर एकाच कमांडरकडून २१ कॉम्बॅट डॅमेज झालं की हार, लाइफ कितीही असो. दोन वेगळ्या कमांडरचे ११ आणि १० मिळून २१ होत नाहीत. चौघं बसला असाल तर कागदावर प्रत्येकासमोर इतर तिघांच्या कमांडरचे तीन वेगळे रकाने आखा, आणि ते पहिल्या टर्नलाच आखा. सातव्या टर्नला आठवून भरलेला आकडा समोरचा कधीच मान्य करत नाही.