अ‍ॅबलोनची पिल्लं ५-६ मिमीवर अडली होती, ती अशी सुटली

अ‍ॅबलोन म्हणजे खाण्यासाठी पाळतात ती समुद्री गोगलगाय. लक्षण: टाकीतल्या प्लेटवरचा तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा, हेच पिल्लांचं पहिलं खाद्य) थर चाटून साफ, शिंपल्याच्या कडेला नव्या वाढीची पट्टी नाही. तयार खाद्य वाढवलं तर तळाशी कुजलं, प्रवाह वाढवला तर वाहून गेलं. डोकं फिरायची वेळ आली.

लागू पडलं ते असं. आधी गर्दी निम्मी केली. पिल्लं खरवडायची नाहीत, भूल देऊनच सोडवायची. कारण पायाला (ज्याने ती चिकटून राहतात त्या मांसल तळाला) चीर पडली तर अ‍ॅबलोनचं रक्त गोठत नाही. लहान-मोठी वेगळी केली. मग थोडा डायटम शिल्लक असलेल्या प्लेटांवरच, अंधार पडताना (चरतात रात्रीच) पातळ पापुद्र्यांचं तयार खाद्य टाकलं. प्रवाह मंद, हवा मात्र चालू. सकाळी उरलेलं सायफनने (नळीने ओढून) काढलं आणि तेवढंच पुढच्या रात्री कमी टाकलं. शिंपल्याच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी उमटली, की पिल्लांनी नवं खाद्य धरलं.