न्हाणीत गॅस गिझर लावताय? आधी हवेची वाट ठरवा

दिवाळी झाली की आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या गावांत गॅस गिझर लागायला सुरुवात होते. मिस्त्री आला की आधी विचारतो, "नळ कुठं आहे?" तुम्ही त्याला आधी हे विचारा, की जळलेली हवा कुठून बाहेर जाईल आणि ताजी कुठून आत येईल.

दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या आंघोळ करून आला आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसला. डोकं गरगरतं म्हणे. आई म्हणाली, पित्त झालं असेल. मी न्हाणीत पाहिलं तर वरच्या जाळीत युरियाचं रिकामं पोतं कोंबलेलं, थंडी आत येऊ नये म्हणून. पोरगं थोडक्यात वाचलं.

हिशेब करून बघा. ५ बाय ४ फुटांच्या, ८ फूट उंच न्हाणीत साधारण साडेचार घनमीटर हवा मावते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर १० मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो आणि त्याला जवळपास दोन घनमीटर हवा लागते. हवा अपुरी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही.

म्हणून सर्वांत चांगली जागा न्हाणीच्या बाहेर. मागच्या आवारातल्या भिंतीवर गिझर टांगा, वर टिनाचं लहानसं छप्पर द्या, बाजू उघड्या ठेवा आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत घ्या. न्हाणीच्या किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ मात्र नको, धूर तिथूनच आत शिरेल. सिलिंडरही बाहेरच, उभा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो, म्हणून सिलिंडर नालीच्या तोंडाशी किंवा खड्ड्यात ठेवू नका.

बाहेर सोयच नसेल तर गिझर दुसऱ्या मोठ्या, हवेशीर जागी लावा, न्हाणीत नको. तिथेही धुराची नळी जोडता येते असाच गिझर घ्या. नळी पत्र्याची किंवा स्टीलची हवी, पीव्हीसी उष्णतेनं वितळते. गिझरच्या तोंडापेक्षा नळी बारीक नको. आधी ती सरळ वर न्या, मग वळवा. आडवा भाग छोटा आणि बाहेरच्या दिशेनं चढता ठेवा. प्रत्येक वळणावर धुराचा जोर कमी होतो. बाहेरच्या तोंडावर पावसाची टोपी बसवा. कुंभारीण माशी अशा नळीत मातीचं घर बांधते, त्यामुळे पावसाळा संपला की नळी उतरवून आरपार बघायचीच.

ताज्या हवेसाठी एक जाळी जमिनीलगत आणि एक वर, दोन्ही कायम उघड्या. त्याच जागेत एक्झॉस्ट पंखा असेल तर तो गिझर चालू असताना लावू नका. बरेच जण सुरक्षित म्हणून लावतात, पण तो हवा ओढताना नळीतला धूरही उलटा खेचतो.

आता तपासणी. गॅसच्या नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. ते नीट झाल्यावर, गॅसचा वास नाही याची खात्री करून, दारं-खिडक्या बंद ठेवून गिझर ५ मिनिटं चालवा आणि पेटती उदबत्ती धुराच्या नळीच्या खालच्या तोंडाशी धरा. तिचा धूर वर ओढला गेला तर वाट मोकळी आहे. बाहेर फेकला गेला तर गिझर बंद करा, दारं उघडा आणि मिस्त्रीला परत बोलवा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, काजळी धरली तर वापर थांबवा.

आंघोळीनंतर कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा, सिलिंडर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. घरातल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून थांबू नका. कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं रक्तही त्याला चांगलंच दिसतं. आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा, की गॅसचा गिझर चालू होता.