घरच्या संगणकावर कान कसे तपासावेत

आठ आणि साठ, सहा आणि दहा. या जोड्यांत फरक आहे तो एकाच व्यंजनाचा. ‘स’चा बराचसा आवाज 4000 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आवाजाची वारंवारता) वर असतो आणि वयामुळे किंवा वर्षानुवर्षांच्या गोंगाटामुळे कान उतरायला लागतात ते बहुधा याच टापूत. म्हणून घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, “आवाज येतोय रे, पण काय बोललास ते कळलं नाही.” ही उतरण घरी बसून पकडता येते. त्यासाठी संगणक, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, वायरचे हेडफोन आणि एक मदतनीस एवढं पुरतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. दवाखान्यातल्या ऑडिओमीटरवरचे (कान तपासायच्या यंत्रावरचे) डेसिबल मोजून-मापून जुळवलेले असतात. तुमचा लॅपटॉप आणि तुमचे हेडफोन नेमका किती आवाज काढतात, हे घरी कळायला मार्ग नाही. त्यामुळे घरचा आकडा एकटा घेतला तर त्याला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो तुलनेला: डावा कान आणि उजवा कान, तुम्ही आणि घरातलं विशीतलं चांगलं ऐकू येणारं कुणी, आज आणि सहा महिन्यांनी. ही तुलना खरी ठरायची तर मधलं काहीही हलता कामा नये.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्या. ब्लूटूथ नको. बरेच ब्लूटूथ हेडफोन अगदी बारीक आवाज आला की तो शांतताच समजून गप्प होतात, काहींची स्वतःची खरखर असते, आणि नेमका तो बारीक आवाजच आपल्याला मोजायचा असतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग साउंड उघडा. आपलं उपकरण निवडून ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. डावी-उजवी पातळी सारखी आहे ना आणि मोनो ऑडिओ बंद आहे ना, तेही बघा. डॉल्बीसारखी सोय असेल तर तीही बंद. असल्या सोयी बारीक आवाज आपणहून मोठा करतात आणि सगळं मोजमाप वाया जातं.

खोलीकडे तेवढंच लक्ष हवं. पंखा, एसी, फ्रिज यांची घरघर खालच्या पट्टीची असते आणि 250 व 500 हर्ट्झचे आवाज ती गिळून टाकते. मग कान धडधाकट असूनही तिथे कमी ऐकू येतं असं दिसतं. पंखा बंद करा, दार लावा, रात्री साडेदहानंतर बसा. पावसाची सर चालू असेल तर त्या दिवशी नकोच. आदल्या दिवशी ढोल-ताशा किंवा डीजेजवळ उभे होता? कान काही काळ तात्पुरते बधिर झालेले असतात, विशेषतः 4000 च्या आसपास. किमान 14 तास शांततेत गेल्यावरच बसा. सर्दीने कानांना दडे बसले असतील तर ती बरी होऊ द्या.

आता आवाज तयार करायचे. ऑडॅसिटी 3 मध्ये नवीन मोनो ट्रॅक घ्या. जनरेट मेनूत टोन निवडा: तरंग साइन, वारंवारता 1000, ॲम्प्लिट्यूड 0.01, अवधी 0.4 सेकंद. तुकड्याच्या सुरुवातीचा 0.03 सेकंदाचा भाग निवडून फेड इन द्या (आवाज हळूहळू चढतो), शेवटच्या तेवढ्याच भागाला फेड आउट (हळूहळू उतरतो). हे टाळू नका. फेड नसेल तर आवाज सुरू होताना ‘टक्’ होतं, त्या टक्मध्ये सगळ्याच वारंवारता मिसळलेल्या असतात, आणि माणूस सूर न ऐकता टक् ऐकून बोट वर करतो. पुढे 0.3 सेकंद शांतता जोडा आणि हा जोड रिपीटने आणखी दोनदा घ्या. ‘पी-पी-पी’ असे तीन ठोके तयार होतील. कानात सतत गुणगुण असणाऱ्यांना सलग सुरापेक्षा हे ठोके ओळखायला सोपे जातात.

असेच वेगवेगळे ट्रॅक 250, 500, 2000, 4000 आणि 8000 चे करा आणि प्रोजेक्ट सेव्ह करून ठेवा. ज्या ट्रॅकचा आवाज हवा त्याचं सोलो बटण दाबायचं. ट्रॅकच्या डाव्या कडेला दोन सरकपट्ट्या असतात. एक आवाजाची, −36 ते +36 डेसिबल. दुसरी डाव्या-उजव्या बाजूची. ती पूर्ण एका टोकाला नेली की आवाज त्याच कानात जातो. सरकपट्टीवर डबल-क्लिक केलं की आकडा टाइप करता येतो. माउसने अंदाजे ओढू नका.

संगणकाचा एकूण आवाज एकदाच ठरवायचा. विशीतल्या व्यक्तीला हेडफोन द्या आणि 1000 चे ठोके सरकपट्टी −20 च्या आसपास असताना जेमतेम ऐकू येतील इतका आवाज ठेवा. संगणकाच्या आवाजाचा तो आकडा कागदावर लिहा आणि पुन्हा कधीही बदलू नका. कुणाला +36 वरही ऐकू आलं नाही तर ‘ऐकू नाही’ एवढंच लिहायचं. संगणकाचा आवाज वाढवून बघायचं नाही, कारण पुढचा ठोका कानाला इजा करण्याइतका मोठा असू शकतो.

चाचणी देणाऱ्याने पडद्याकडे पाठ करून बसायचं. चष्मा आणि कानातले काढायचे, केस हेडफोनखाली अडकू द्यायचे नाहीत. स्वतःच बटण दाबून स्वतःची चाचणी घेतली की आवाज कधी येणार ते ठाऊक असतं आणि मेंदू तो ‘ऐकतो’. म्हणून मदतनीस हवाच. एकदा तीन ठोके वाजवल्यावर पुढच्या तीन ठोक्यांपर्यंतचं अंतर त्याने दोन ते पाच सेकंदांत मनाला येईल तसं बदलावं आणि मध्येच दहा सेकंद काहीच वाजवू नये. त्या शांततेत बोट वर आलं तर माणूस अंदाजाने उत्तर देतोय. थांबून समजावून सांगा आणि नव्याने सुरू करा.

जो कान चांगला वाटतो तिथून, 1000 हर्ट्झवर सुरुवात करा. नियम असा: ऐकू आलं की सरकपट्टी 10 डेसिबल खाली, नाही आलं की 5 वर. समजा 0 ला बोट वर आलं, −10 ला आलं, −20 ला आलं, −30 ला नाही. मग −25, नाही. −20, आलं. परत 10 खाली −30, नाही. −25, आलं. −35, नाही. −30, नाही. −25, आलं. वर चढताना तीन खेपांपैकी दोनदा बोट वर आलं ते −25 ला, म्हणून तोच उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारी पातळी. ऑडिओलॉजिस्टही (श्रवणतज्ज्ञ) याच पायऱ्यांनी जातात. मग 2000, 4000, 8000, परत एकदा 1000, आणि शेवटी 500 व 250. दुसऱ्या वेळच्या 1000 मध्ये 5 पेक्षा जास्त फरक पडला तर माणूस दमलाय किंवा हेडफोन सरकलाय. तो संच बाद करा. दोन्ही कानांचं मिळून वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं.

विशीतल्या दोन-तीन जणांचे आकडेही असेच घ्या. 4000 वर त्यांचा उंबरठा −25 आणि तुमचा +5 असेल तर तुमचं ऐकणं तिथे साधारण 30 डेसिबलने उतरलंय. ही वजाबाकी प्रत्येक वारंवारतेची वेगळी करायची. 250 चा कच्चा आकडा 1000 च्या आकड्याशी लावून बघू नका. निरोगी कानालाही 250 ऐकायला बराच जास्त आवाज लागतो.

10 च्या आतला फरक सोडून द्या. 8000 वर तर हेडफोन जरा इकडेतिकडे झाला तरी आकडा हलतो, कारण तिथे एका तरंगाची लांबी जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर असते. हेडफोन काढून पुन्हा घाला, तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. दोन कानांत फरक दिसला तर हेडफोन उलटे घालून बघा. फरक कानाबरोबर गेला तर तो कानाचा, हेडफोनच्या वाटीबरोबर गेला तर हेडफोनचा. आणि दोन कानांत 40 पेक्षा मोठं अंतर दिसलं तर कमजोर कानाचा आकडा खरा धरू नका. इतका मोठा आवाज कवटीतून पलीकडे पोचतो आणि चांगला कान तो ऐकतो. दवाखान्यात त्यासाठी चांगल्या कानात मुद्दाम खरखर वाजवतात, घरी ते नीट जमत नाही.

ऐकणं कानातल्या मळामुळे कमी झालंय, कानाच्या पडद्याला भोक आहे की आतली नस कमजोर आहे, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी हाडातून ऐकण्याची तपासणी लागते. मळाचा संशय आला तरी कानात काडी घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो.

दोन लगतच्या वारंवारतांवर दोन कानांत 15 किंवा जास्त फरक पुन्हापुन्हा येत असेल, एकाच कानात गुणगुण असेल, चक्कर येत असेल किंवा कान वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठी अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे. जाताना आपला कागद सोबत न्या: तारीख, हेडफोनचं मॉडेल, संगणकाच्या आवाजाचा आकडा, दोन्ही कानांचे उंबरठे.

एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एक कान एकदम बसला तर मात्र घरी चाचणी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होतो तितकं ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते, आणि दोनेक आठवड्यांनंतर ती बरीच कमी होते.