पूरपट्ट्यातला उसाचा खोडवा: पाचट पेटवू नका, खताचा दुसरा हप्ता पावसाआधी द्या

पंचगंगा, दूधगंगा, कृष्णाकाठी ऊसतोडी सुरू झाल्या आहेत. तोडणीची टोळी फडाबाहेर पडली की पाचटाला (उसाच्या वाळलेल्या पाल्याला) काडी लावायची घाई होते. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, म्हणजे खोडवा, राखायचा असेल तर ती करू नका.

हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा कमी वेळात जास्त कोसळतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या पुरात नदी 50 फुटांच्या वर होती. उन्हाळ्यात उलट स्थिती, मार्चपासूनच सऱ्या भेगाळतात. पाचटाचं आच्छादन या उन्हात ओल टिकवतं.

हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो हे खरं, पण जाळल्यावर मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळीही निघते. शिवाय जमिनीला मिळायचा सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरावाटे जातो.

वाडं (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांना काढून घ्या. पाचट सरीत पसरा, बुडख्यांवर राहू देऊ नका. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. उंच राहिले तर वरचे डोळे फुटतात आणि फुटवे कमकुवत निघतात. छाटलेल्या बुडख्यांवर 0.1 टक्के कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारा. मग पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. पाचट कुजवणारे जिवाणू 10 किलो, शेणखतात कालवून वेगळे पसरा, खतात मिसळू नका. पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतो. वरून युरिया दिला नाही तर जिवाणू जमिनीतला नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. "पाचटानं ऊस पिवळा पडला" अशी तक्रार येते, तिथे बहुधा हेच राहून गेलेलं असतं. लगेच पाणी द्या, वाफशावर (पाणी मुरून जमीन नुसती ओलसर राहिल्यावर) पाचट पायाने मातीत दाबा. तुटाळ, म्हणजे ओळीत रिकाम्या जागा, दिसली तर रोपं लावून नांग्या भरा.

खत फोकू (वरून विस्कटू) नका, पहारीने द्या: बुडख्यापासून 10 ते 15 सें.मी. अंतरावर, 15 ते 20 सें.मी. खोल, दोन खड्ड्यांत 30 सें.मी. अंतर. पहिला हप्ता तोडीनंतर 15 दिवसांत सरीच्या एका बाजूला, दुसरा 130 ते 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला.

नदीकाठच्या मळीत (गाळाच्या शेतजमिनीत) इथेच अडचण होते. जानेवारीअखेर तुटलेल्या उसाचा दुसरा हप्ता जूनच्या मध्यावर येतो. पाणी तुंबलेल्या जमिनीत नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरतो. पैसा जातो तो वेगळाच. म्हणून अशा फडात दुसरा हप्ता मेअखेर उरका. शक्य असेल तर मळीतला ऊस आधी तोडायला लावा. लवकर राखलेला खोडवा जुलैपर्यंत उंच होतो. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस वाचायची आशा असते, पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) गाळ बसला की कुजतो.

बांधालगतचे चर मे महिन्यात उपसून ठेवा.